बेकर स्ट्रीटला जाण्याआधी गोष्टी वाचा

पासपोर्ट, छत्री, औषधं तुम्ही घ्यालच, त्यावर वेळ घालवत नाही. लंडनच्या शेरलॉक होम्स संग्रहालयासाठी खरी तयारी असते कॉनन डॉयल यांनी लिहिलेल्या या गुप्तहेराच्या गोष्टी वाचण्याची. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमकी तीच राहिली आणि मुलं पंधरा मिनिटांत जिना उतरून खालच्या दुकानात पोचली. म्हणून पहिलं काम हे: निघण्याआधी मुलांना किमान तीन गोष्टी वाचून दाखवा.

हे संग्रहालय म्हणजे होम्स आणि त्याचा मित्र वॉटसन राहत होते असं मानून मांडलेलं घर आहे. फलक वाचत पुढे सरकायची ही जागा नाही. वस्तू बोलतात त्या गोष्ट ठाऊक असणाऱ्याशीच. इराणी चपलेच्या टोकात भरलेली तंबाखू, कोळशाच्या बादलीत ठेवलेले सिगार, उत्तर न दिलेली पत्रं शेकोटीवरच्या फळीला चाकूने ठोकलेली, बंदुकीच्या गोळ्यांनी भिंतीवर उमटवलेली व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरं: होम्सच्या खोलीचं हे वर्णन ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’ या कथेच्या अगदी सुरुवातीला येतं. पूर्ण कथा जमली नाही तरी तेवढे परिच्छेद वाचाच. ते कानावर पडलेलं मूल खोलीत शिरताच चप्पल शोधायला लागतं. न पडलेल्याला दिसते ती एक अंधारी, सामानाने खच्चून भरलेली खोली.

तीन गोष्टी कोणत्या? लहानांसाठी निळ्या माणकाची, म्हणजे हंसाच्या (‘गूज’च्या) पोटात रत्न सापडतं ती. मग लाल केसवाल्यांच्या मंडळाची. तिसरी ठिपकेदार पट्ट्याची, पण ती भीतीदायक आहे, मूल घाबरट असेल तर झोपताना नको. मोठ्याने वाचायला एका गोष्टीला साधारण तास लागतो, म्हणजे तीन संध्याकाळी. हे काम विमानासाठी राखून ठेवू नका. तिथे कुणी ऐकत नाही. आणि मालिका दाखवली म्हणजे भागलं असंही समजू नका. आजच्या काळात घडणारी बीबीसीची जी ‘शेरलॉक’ मालिका मुलांनी पाहिलेली असते, तिच्यातलं घराचं दार नॉर्थ गोवर स्ट्रीटवर चित्रित झालंय. बेकर स्ट्रीटवर ते दार नाही, मोबाइलही नाहीत. सगळं व्हिक्टोरियन काळातलं, गॅसच्या दिव्यांचं. मुलं हिरमुसतात. गोष्टीच वाचा.

तिकीट वेळ निवडून आधीच ऑनलाइन काढा, आणि सकाळची पहिली वेळ घ्या. खोल्या लहान आहेत. दहा-बारा माणसं शिरली की शेकोटी दिसतच नाही.

पत्त्याचा घोळ आधीच समजून घ्या. दारावर २२१ब हा गोष्टींमधला होम्सचा पत्ता लिहिलेला असला तरी हे घर २३७ आणि २४१ या क्रमांकांच्या मधे आहे. २१९, २२१ असे आकडे मोजत गेलात तर भलत्याच इमारतीसमोर उभे राहाल. कॉनन डॉयल लिहीत होते तेव्हा बेकर स्ट्रीटचे क्रमांक २२१पर्यंत पोचतच नव्हते, पत्ता मुळात काल्पनिक. संग्रहालय सुरू झालं १९९०मध्ये. म्हणून क्रमांक सोडा. बेकर स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून रीजंट्स पार्कच्या दिशेने चाला, मिनिटा-दोन मिनिटांचं अंतर आहे. भुयारी रेल्वेत प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट; त्यांना घेऊन रुंद फाटकातून जा.

बाबागाडी नेऊ नका. जिना अरुंद आणि उभा आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे आधी सांगा, दारात नको. दुकानात जायला तिकीट लागत नाही, त्यांना तिथे थांबता येईल. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या हॉटेलातच ठेवा, वळणावर त्या समोरच्याच्या तोंडावर आपटतात.

पहिल्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या मुलांना मोजायला लावा. सतरा. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ या कथेत होम्स वॉटसनला हाच आकडा विचारतो आणि रोज चढणाऱ्या वॉटसनला तो सांगता येत नाही. ‘तू बघतोस, पण निरखत नाहीस’ हे होम्सचं म्हणणं त्या प्रसंगातलं आहे. (हाही प्रसंग गोष्ट वाचलेली असेल तरच रंगतो. किती वेळा सांगू!) शोधायच्या वस्तूंची चिठ्ठी घरूनच लिहून न्या: चपला, चाकू, अक्षरं, व्हायोलिन, रसायनांचं टेबल. प्रत्येकापुढे गोष्टीचं नाव.

वरच्या मजल्यावर गोष्टींमधल्या प्रसंगांचे मेणाचे पुतळे आहेत. काही भेसूर आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पुढे तुम्ही चढा. इथेही तेच: गोष्ट माहीत नसेल तर नुसती टोप्या घातलेली बाहुली.

सगळं मिळून तास पुरतो. होम्सची ती कानपट्ट्यांची टोपी दुकानात मिळते. स्टेशनबाहेर मेरिलबोन रोडवर होम्सचा पुतळा आहे, फोटो तिथे. खाणं नंतर, पार्कात.

गोष्टी आजपासून सुरू करा.