व्हाइटहॉर्सला नवीन आलात? दोघांनी वीकेंडला बाहेर कसं पडायचं

कॅनडाच्या उत्तरेतल्या युकॉनला (व्हाइटहॉर्स इथलं मुख्य शहर) शिफ्ट झालेल्या जोडप्यांसाठी हे लिहितेय, कारण इथे आल्या आल्या सगळ्यांनाच एकदम मोठे डोंगर चढायचे असतात आणि ते वाटणं अगदी बरोबर आहे, इतकं सुंदर सगळं दाराशी असताना घरी कोण बसणार. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. व्हाइटहॉर्सच्या बाहेर अर्धा तास गेलात की तुम्ही दोघंच असता. मोबाइलला रेंज नाही, मागून कोणी येईलच असं नाही, एकाचा पाय मुरगळला तर बाकी सगळं दुसऱ्यालाच करायचंय. म्हणून प्रत्येक प्लॅनच्या वेळी एकच प्रश्न विचारायचा, आपल्यापैकी एक जण आडवा झाला तर दुसरा एकटा निभावेल का?

या प्रश्नातून बरंच काही आपोआप ठरतं. सामान वाटून घेताना एकाकडे सगळं खाणं आणि दुसऱ्याकडे सगळे कपडे असं करू नका. प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचं उबदार जॅकेट, हेडलँप, लायटर, पाणी, थोडं खाणं आणि शिट्टी पाहिजेच. गाडीच्या दोन चाव्या, दोघांकडे एकेक. गाडी दोघांना चालवता यायला हवी, आणि सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र, घेतला असेल (घ्याच, इथे तो चैनीची वस्तू नाही) तर एसओएसचं बटण कुठंय, मेसेज कसा पाठवायचा हे घरी बसून दोघांनीही करून बघायचं. निघण्याआधी शहरातल्या एखाद्या मित्राला लिहून द्यायचं की कुठली ट्रेल, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत कळवणार. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर त्याने आरसीएमपीला (कॅनडाचे पोलीस) कळवायचं, कारण इथे शोध घेण्याचं काम तेच बघतात.

आणि परत फिरायचा नियम. दोघांपैकी कोणीही एकदा "मला परत जायचंय" म्हटलं की वळायचं, कारण विचारायचं नाही, समजावत बसायचं नाही. आम्ही हा नियम पाळतो आणि मला वाटतं इथल्या सगळ्या सामानापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण जो कमी बोलतो तोच बहुतेक वेळा आतून आधी थकलेला असतो.

सुरुवात जवळूनच करा. मिलेनियम ट्रेल नदीकाठची ५ किमीची सोपी फेरी आहे, नवे बूट तिथे रुळवून घ्या. मग माइल्स कॅन्यन, काळ्या बसाल्टच्या भिंतींमधून युकॉन नदीचं हिरवट पाणी जातं, झुलत्या पुलावरून पलीकडे जाऊन कॅन्यन सिटीपर्यंत चालता येतं, गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्याच्या शोधात लोक इथे लोटले त्या काळातली वस्ती होती तिथे. त्यानंतर एखादा दिवस दक्षिणेला कारक्रॉसकडे, वाटेत एमराल्ड लेक लागतं. त्याच्या तळाला पांढरट चुनखडीचा गाळ आहे, त्यावरून प्रकाश परावर्तित होतो म्हणून तो रंग. कारक्रॉसचं वाळवंट म्हणजे जुन्या हिमनदीकाळच्या तलावाच्या तळाची वाळू. तोच रस्ता पुढे अलास्कातल्या स्कॅगवेला जातो, पण तिथे अमेरिकेची बॉर्डर आहे, भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो, तेव्हा निघायच्या आधीच बघा.

क्लुआनी नॅशनल पार्क मात्र पूर्ण वीकेंड मागतं. त्याच्या दाराशी असलेलं हेन्स जंक्शन गाव व्हाइटहॉर्सपासून साधारण दीडशे किमी आहे. कॅनडातलं सगळ्यात उंच शिखर माउंट लोगन (५,९५९ मीटर) याच पार्कमध्ये, पण ते रस्त्यावरून दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते खूप आत बर्फाच्या पसाऱ्यात आहे. पहिल्यांदा ऑरिओल ट्रेल घ्या, १५ किमीची गोल फेरी. कॅथलीन लेकवरून वर जाणारी किंग्ज थ्रोन जबरदस्त आहे पण चढ खडा, वरचा भाग सुट्या दगडांचा आणि वारा माणसाला ढकलेल इतका, ती नंतर.

आता अस्वलं. ग्रिझली आणि काळं अस्वल दोन्ही आहेत. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट स्प्रे) सॅकमध्ये ठेवून काही उपयोग नाही, कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला पाहिजे, आणि दोघांकडे वेगवेगळा, कारण अस्वल ज्याच्या समोर येईल त्याचा स्प्रे दुसऱ्याकडे असला तर काय करणार. सेफ्टी क्लिप काढायची प्रॅक्टिस रिकाम्या सरावाच्या कॅनवर करा, एक्सपायरी बघा, उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका. चालताना गप्पा मारा, वळणावर आणि ओढ्याच्या आवाजात मोठ्याने ओरडा, अस्वलाला चाहूल लागावी म्हणून सॅकला बांधतात त्या घुंगरांवर भरवसा नको. दिसलं तर पळायचं नाही, दोघं जवळजवळ उभे राहा, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरका. अस्वलापासून १०० मीटर अंतर हा पार्क्स कॅनडाचा नियम आहे. लोक मूसला (इथलं प्रचंड मोठं हरीण) घाबरत नाहीत, पण पिल्लू बरोबर असलेली मादी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातला नर, दोघांनाही लांबूनच बघा. कॅम्पवर खाणं, टूथपेस्ट, साबण काहीच तंबूत ठेवायचं नाही.

कनू (वल्ह्याची अरुंद होडी) शिकायची इच्छा होणारच, नदी समोरच वाहते. पाणी जुलैतही बर्फासारखं असतं. लाइफ जॅकेट घातलेलं पाहिजे, बोटीत ठेवलेलं नाही. पडलात तर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, मग हातपाय नीट चालतात ती साधारण १० मिनिटं, त्यातच बाहेर निघायचं. लेक लाबार्ज पन्नासेक किमी लांब आहे, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून पहाटे निघा आणि काठ सोडू नका.

वेळेचंही लक्षात घ्या. युकॉनने २०२० पासून घड्याळ पुढेमागे करणं बंद करून ते कायमचं पुढेच ठेवलंय, त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी २ च्या आसपास. जूनमध्ये रात्री साडेअकरापर्यंत सूर्य असतो, "उजेड आहे अजून" म्हणत लोक चालत राहतात आणि शरीर थकलेलं असतं, म्हणून परतायची वेळ घड्याळावर ठरवा. डिसेंबरात तो सकाळी ११ नंतर उगवतो आणि पावणेपाचला मावळतो. ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला तो हिरवट नाचरा प्रकाश, ऑगस्टच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत, मध्यरात्रीनंतर दोनतीन तास सगळ्यात चांगले, फिश लेक रोडसारखी अंधारी जागा घ्या.

हिवाळ्यात कॉटन अंगाला लावू नका, आत मेरिनो वूल, वर फ्लीस, वरून वारा अडवणारं. घाम येईल इतकं भराभर चालायचं नाही, घाम गार झाला की कुडकुडायला होतं. बोटं वेगळी असलेल्या ग्लोव्हजपेक्षा मिट्स (चार बोटं एकत्र राहतात ते) जास्त गरम. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून जमतो म्हणून तोंड मोकळं राहतं. दर थोड्या वेळाने एकमेकांचे गाल आणि नाक बघा, पांढरा ठिपका दिसला तर चोळू नका, उघड्या तळव्याने झाका. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही, इथे दोघं असण्याचा खरा फायदा होतो.

गोठलेल्या तलावावर जायचं असेल तर बर्फ भोक पाडून मोजायचा. कॅनडाच्या रेडक्रॉसचा सल्ला आहे की एकट्याने चालायला १५ सेंमी, स्नोमोबिलला २५ सेंमी. हा स्वच्छ निळ्या बर्फाचा हिशोब आहे, पांढरा धुरकट बर्फ जवळपास निम्माच मजबूत धरा, आणि नदी जिथे तलावात येते तिथे जाऊच नका. चालताना दोघांत अंतर ठेवा, दोरी मागच्याकडे.

गाडीत फावडं, स्लीपिंग बॅग दोन, मेणबत्ती, काडेपेटी, जंपर केबल. टाकी अर्धी झाली की भरायची, कारण पुढचा पंप बंदही असू शकतो. ५११ युकॉन या रस्त्यांच्या माहितीच्या सेवेवर रस्त्याची स्थिती सकाळी बघायची आणि पारा उणे २० च्या खाली असेल तर ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा, विजेवर चालणारा) निघायच्या काही तास आधीच लावून ठेवायचा.