घरच्या नॅसची जागा अशी वाढवली
दोन कप्प्यांचा नॅस (घरच्या नेटवर्कवरून वापरायचा स्टोरेजचा डबा), त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ (दोन्हींवर तोच डेटा, म्हणून जागा एकाच डिस्कएवढी). फोटो-व्हिडिओंनी काठोकाठ भरला. तिसरा कप्पाच नाही, म्हणून ८ टीबीच्या दोन डिस्क आणल्या, त्याही सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या). एसएमआरवर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या डिस्कवर) रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत उतरवणं, फार रखडतं. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, कारण रिबिल्डच्या वेळी सगळा डेटा एकाच जुन्या डिस्कच्या भरवशावर असतो. मग एक डिस्क बदलून रिपेअर (म्हणजे तेच रिबिल्ड) रात्रभर चालू ठेवलं (यूपीएस लावून, आमच्याकडे विजेचा काय नेम!). ते पूर्ण झाल्यावरच दुसरी. तरी जागा जुनीच दिसत होती! व्हॉल्यूम (डिस्कवरची वापरायची जागा) एक्स्पांड केल्यावर आकडा ७ टीबीच्या थोडा वर गेला. ८ नाही, कारण नॅस १०२४ च्या हिशोबाने मोजतो, डिस्क बनवणारे १००० च्या.