आलेखाचे अक्ष: प्रमाण कसं ठरवायचं

आडवा तो क्ष-अक्ष, उभा तो य-अक्ष. एवढ्या पाठांतरावर आलेख येत नाही. गरम पाणी निवत असताना घेतलेली ही तापमानं बघा: ० मिनिटाला ८०, २ मिनिटांनी ७५, ५ ला ६९, १० ला ६० आणि २० ला ४८ अंश सेल्सिअस.

१. जे आपण ठरवतो किंवा जे आपोआप पुढे सरकतं ते आडव्या अक्षावर, म्हणजे इथे वेळ. जे मोजून मिळतं ते उभ्यावर. अर्थशास्त्राच्या मागणी वक्रात मात्र किंमत उभ्या अक्षावर असते. ती आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाच्या काळापासूनची रूढी आहे, तिथे वाद घालू नका.

२. अक्षांवर राशीचं नाव आणि एकक लिहा.

३. आता प्रमाण. बहुतेक आलेख इथेच फसतात. वहीतले आकडे जसेच्या तसे अक्षावर उतरवायचे नाहीत. ०, २, ५, १०, २० हे आकडे सारख्या अंतरावर मांडले, तर पाणी आधी हळू आणि नंतर भराभर निवतंय असं दिसेल. खरं आहे उलटं: पहिल्या दोन मिनिटांत मिनिटाला अडीच अंश उतरतात, शेवटच्या दहा मिनिटांत जेमतेम १.२. सारख्या अंतराला सारखीच वाढ, यात सूट नाही. एक्सेलमधला 'लाइन' चार्टही आडव्या अक्षावर साधे आकडे असले की नेमकी हीच चूक करतो. तिथे 'स्कॅटर' निवडा.

कागदावर आडवी १६ आणि उभी २२ सेंमी जागा आहे असं धरू. २० भागिले १६ म्हणजे १.२५. हा आकडा नेहमी वरच्या बाजूला, आणि १, २, ५ किंवा त्यांच्या दहापटीतच न्यायचा: १ सेंमी = २ मिनिटं. 'कागद पुरेपूर भरा' म्हणून १ सेंमी = १.२५ घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मग मिलिमीटरचं एक घर ०.१२५ चं होतं आणि प्रत्येक बिंदूला भागाकार करत बसावं लागतं.

उभा अक्ष ४० पासून सुरू करू. ४० ते ८० म्हणजे ४० अंश, भागिले २२, येतात १.८; म्हणून १ सेंमी = २ अंश. ६९ चा बिंदू तळापासून १४.५ सेंमीवर येतो. शून्य गाळलंय हे दाखवायला अक्षाच्या तळाशी नागमोडी खूण हवीच. स्तंभालेखात मात्र शून्य कधीही गाळू नका. अक्ष ४४ पासून काढला तर ४८ चा स्तंभ ४६ च्या दुप्पट उंच दिसतो.

४. उजव्या कोपऱ्यात दोन्ही प्रमाणं लिहा.

५. बिंदू मांडा, हात न उचलता सलग वक्र काढा. बिंदूंना पट्टीने जोडू नका.