विद्यार्थ्यांचे पोषणज्ञान मोजताना या चुका टाळा

विद्यापीठातील विद्यार्थ्यांना पोषणाची कितपत माहिती आहे, या विषयावरचे लघुप्रबंध दरवर्षी माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेक वेळा निष्कर्षांपर्यंत पोहोचण्याआधीच मला प्रश्नावलीपाशी थांबावे लागते. विषय सोपा वाटतो, ऑनलाइन फॉर्म तासाभरात तयार होतो, उत्तरेही भराभर गोळा होतात. आणि या घाईतच सगळा घोळ होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘बरोबर की चूक’ अशी विधाने देऊन त्यांतली जवळजवळ सगळी बरोबर ठेवणे. एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत 20 विधाने होती आणि त्यांपैकी 17 बरोबर होती. सरासरी उत्तम आल्यामुळे ‘विद्यार्थ्यांचे पोषणज्ञान समाधानकारक आहे’ असा निष्कर्षही लिहून झाला होता. मी मूळ तक्ता मागवला, तेव्हा कित्येक ओळींत पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत एकच उत्तर दिसले. एकही विधान न वाचता ‘बरोबर’ निवडत गेलेल्याला 17 गुण मिळत होते, तर प्रत्येक विधान विचारपूर्वक वाचून चार ठिकाणी चुकलेला विद्यार्थी 16 गुणांवर राहून त्याच्या मागे पडत होता. प्रबंध सादर करण्याची तारीख तोंडावर आली असताना तिला सर्वेक्षण नव्याने करावे लागले.

म्हणून माझ्या हाताखालच्या प्रश्नावलीत बरोबर आणि चूक विधाने निम्मी निम्मी असतात, ‘माहीत नाही’ हा पर्याय असतोच, आणि फॉर्म बाहेर पडण्यापूर्वी मी एकदा सगळीकडे ‘बरोबर’ व एकदा सगळीकडे ‘चूक’ भरून गुण काढून पाहतो. दोनच पर्याय असतील, तर निव्वळ अंदाजानेही सरासरी 50 टक्क्यांच्या आसपास गुण पडतात. तेवढ्या गुणांना ‘मध्यम ज्ञान’ म्हणणाऱ्यांनी आपण ज्ञान मोजले की नशीब, हे आधी ठरवावे.

‘तुम्ही रोज न्याहारी करता का?’ या प्रश्नाचे गुण ज्ञानाच्या बेरजेत धरू नयेत, कारण ते वर्तन आहे. ज्ञान आणि प्रत्यक्ष आहार यांचा संबंध अभ्यासांतून बहुधा क्षीणच आढळतो. दोहोंची एकत्र बेरीज केली की तो तपासण्याची सोयच उरत नाही.

केवळ पाठांतर तपासणारे प्रश्नही पुरेसे नाहीत. 1 ग्रॅम मेदातून 9 आणि 1 ग्रॅम प्रथिनांतून 4 किलोकॅलरी मिळतात, हे अनेकांना तोंडपाठ असते. मात्र पाकिटावर 100 ग्रॅममागे 0.8 ग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर त्या आकड्याला 2.5 ने गुणून सुमारे 2 ग्रॅम मीठ होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी या मर्यादेचा मोठा वाटा त्यातच संपतो, हे उलगडून सांगणारे थोडेच निघतात. असा एक प्रश्न मला व्याख्या विचारणाऱ्या पाच प्रश्नांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

तयार प्रश्नावली जशीच्या तशी उचलणे हा नवशिक्यांचा आवडता आडमार्ग आहे. पार्मेंटर आणि वॉर्डल या संशोधकांची 1999 मधील पोषणज्ञानाची प्रश्नावली ब्रिटनमधील प्रौढांसाठी होती व 2016 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली; तिच्यातले पदार्थ आपल्या उत्तरदात्यांनी कधी पाहिलेच नसतील, तर गुण कशाचे मानायचे? मी तीन-चार विद्यार्थ्यांना समोर बसवून प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला लावतो आणि ते जिथे अडखळतात, तो प्रश्न बदलतो. त्या मूळ प्रश्नावलीची पारख आहारशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे गुण ताडून केली होती, म्हणजे विषय शिकलेल्यांना खरोखरच जास्त गुण पडतात का हे पाहिले होते, हेही लक्षात घ्यावे. आमचे उतावळे संशोधक मात्र स्वतःच्याच विभागातल्या मित्रांना फॉर्म पाठवून त्यांना सर्व विद्यापीठाचे प्रतिनिधी ठरवतात.

‘तुमचे पोषणज्ञान किती आहे असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो चाचणीच्या आधी विचारावा आणि त्याचे उत्तर वेगळ्या रकान्यात ठेवावे, कारण चाचणी सोडवून झाल्यावर विद्यार्थी तो अंदाज सावरून घेतात.