पैशाच्या डिक्रीवर अपील करताय? मग स्टेचं आधी बघा

कोर्टाने तुमच्याविरुद्ध वसुलीची डिक्री, म्हणजे पैसे द्या असा निकालाचा हुकूम, दिली, तुम्ही अपील टाकलं आणि आता वरच्या कोर्टात बघू म्हणून निवांत बसलात, तर सगळं अंगाशी येईल. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर ४१ रूल ५ मध्ये हे सरळ लिहिलंय. समोरचा दरखास्त (डिक्रीची वसुली करून द्या असा अर्ज) टाकून बँक खातं, पगाराचा काही भाग, गाडी, घर असं काय काय जप्तीला लावू शकतो. वसुली तात्पुरती थांबवणाऱ्या हुकुमासाठी, म्हणजे स्टेसाठी, वेगळा अर्ज लागतो.

निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. अपिलाची मुदत डिक्रीच्या तारखेपासून, जिल्हा कोर्टात ३० दिवस आणि हायकोर्टात ९०. नक्कल तयार करायला कोर्टाला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण तुम्हीच अर्ज उशिरा टाकलात तर ते दिवस तुमच्याच खात्यात. मुदत गेली की उशीर माफीचा अर्ज आला, आणि अपील ऐकायला घ्यायचं की नाही हे ठरेपर्यंत कोर्ट स्टे देऊच शकत नाही (ऑर्डर ४१ रूल ३ए), तोवर दरखास्त मात्र पुढे सरकतच राहते.

अपील तयार व्हायला वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आत, ज्या कोर्टाने डिक्री दिली त्याच कोर्टात तात्पुरता स्टे मागता येतो. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, वकिलाला आठवण करून द्या.

आता खरा मुद्दा, स्टेच्या अर्जात काय लिहायचं. कोर्ट तीन गोष्टी बघतं: स्टे नाही मिळाला तर तुमचं मोठं नुकसान होईल का, तुम्ही उगाच उशीर तर केला नाही ना, आणि सिक्युरिटी, म्हणजे तारण किंवा हमी, देताय का. यात नुकसानाच्या मुद्द्यावरच लोक गडबडतात, "अर्जदाराचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल" एवढं छापील वाक्य टाकून मोकळे होतात. अहो, पैसे द्यावे लागणं हे काही तसं नुकसान नाही, अपील जिंकलात तर सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम १४४ खाली पैसे परत मागता येतात. त्यापेक्षा शपथपत्रात असं लिहा: "दरखास्तीत माझे चालू खाते जप्त करण्याची मागणी आहे, त्याच खात्यातून आठ कामगारांचे पगार जातात, मागील सहा महिन्यांचे स्टेटमेंट सोबत जोडले आहे." किंवा समोरच्याच्या नावावर काहीच नसेल आणि उद्या जिंकूनही त्याच्याकडून पैसे निघणार नसतील, तर ते कागदासकट दाखवा.

आणि हो, पैशाची तयारी ठेवा. डिक्री पैशाची असेल तर अपिलातलं कोर्ट रक्कम भरायला किंवा सिक्युरिटी द्यायला सांगतं, ते केलं नाहीत तर रूल ५(५) प्रमाणे स्टे नाही. पूर्ण, अर्धी की किती, हे त्या त्या केसवर असतं. माझ्या मते कोर्टाने विचारायची वाट न बघता अर्जातच आकडा द्यावा, इतके रोख, बाकीची बँक गॅरंटी. भरलेली रक्कम एफडीत ठेवावी आणि समोरच्याला काढू द्यायची झाली तर सिक्युरिटी घेऊनच द्यावी, असंही त्याच अर्जात मागा.

समोरच्याने कॅव्हेट (मला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका असा आधीच दिलेला अर्ज) टाकलं असेल तर त्याला नोटीस गेल्याशिवाय काही मिळणार नाही, म्हणून अर्जाची कॉपी आधीच पाठवून ठेवा, नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते.

घर किंवा जमिनीच्या लिलावाचा हुकूम झाला असेल तरी हातपाय गाळू नका. अपील चालू असेल तर ज्या कोर्टाने विक्रीचा हुकूम दिला तिथेच ऑर्डर ४१ रूल ६ खाली अर्ज करा. तिथे कायद्याची भाषाच अशी आहे की विक्री थांबवायची, फक्त सिक्युरिटी वगैरे अटी कोर्ट घालणार.

स्टे मिळाला की त्याच दिवशी खालच्या कोर्टात कळवा, कारण तो लागू होतो तो त्या कोर्टाला कळल्यापासून. ऑर्डरची नक्कल यायला वेळ लागत असेल तर तोवर तुमच्या स्वतःच्या माहितीवरचं शपथपत्रही चालतं. आणि ऑर्डरमधली अट नीट वाचा, अमुक तारखेपर्यंत रक्कम भरा असं असेल आणि जमत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज त्या तारखेच्या आधी द्या, नाहीतर स्टे गेला म्हणून समोरचा लगेच जप्ती वॉरंट मागेल.