कॅम्पचा पहिला आठवडाच घात करतो, फुटबॉलच्या सरावात या चुका टाळा

जुलै संपत आला की एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळतात तो) प्रो लीगचे, सीझनआधीचे ट्रेनिंग कॅम्प सुरू होतात आणि दरवर्षी तेच, पहिल्या काही दिवसांतच कुणाची मांडी धरते, कुणाचा गुडघा जातो. अमेरिकेत ज्यांची पोरं शाळेत फुटबॉल खेळतात त्या आईबाबांनीही हे वाचा, कारण प्रो लोकांनी ज्या चुका महागात पडून शिकल्या त्याच शाळेच्या मैदानावर अजून होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुट्टीचा बॅकलॉग एका आठवड्यात भरून काढायला जाणं. 2011 ला एनएफएल टीमचे मालक आणि खेळाडूंचा वाद होऊन मार्च ते जुलै लॉकआऊट होता, टीमचं मैदान बंद, ट्रेनर बंद, आणि मग वाद मिटल्यावर लगेच कॅम्प. पहिल्या 12 दिवसांत 10 खेळाडूंचे टाचेमागचे अकिलीस टेंडन गेले, पुढच्या 17 दिवसांत आणखी 2. घरी जिम कितीही केली तरी पूर्ण वेगात पळता पळता गचकन थांबणं, दिशा बदलणं याची सवय हळूहळूच होते, वजनं उचलून ती येत नाही.

म्हणून तर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या 2020 च्या करारात कॅम्पचे पहिले पाच दिवस पॅड्स (धडकेपासून वाचवणारं जाड संरक्षक कवच) न घालता सवय करून घ्यायला ठेवले आणि अख्ख्या कॅम्पमध्ये पॅड्स घालून जास्तीत जास्त 16 सराव. सीझनमध्ये तर 14 च. दिवसातून दोनदा पॅड्स घालून धडकाधडकी तर 2011 च्या करारानेच बंद केली. पूर्वीचे खेळाडू कणखर होते, आताचे नाजूक झाले असं म्हणणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. रविवारी मॅचमध्ये मार बसणारच आहे, मग बुधवारी आपल्याच माणसाकडून कशाला?

आता उन्हाचं. हे नीट वाचा कारण यात जीव जातो. एनएफएलमधल्या मिनेसोटा वायकिंग्ज टीमचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर, 27 वर्षांचा, 2001 च्या कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी सराव अर्धवट सोडून गेला, दुसऱ्या दिवशी पूर्ण पॅड्समध्ये परत उतरला, उलट्या झाल्या तरी सराव पुरा केला आणि मग कोसळला. हॉस्पिटलमध्ये ताप 108.8 फॅरनहाइट निघाला, 1 ऑगस्टला तो गेला. आदल्या दिवशी ज्याला उन्हाने त्रास झालाय त्याला दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात उतरवू नका, तो स्वतः कितीही म्हणू दे की मी ठीक आहे.

आणि कोसळलाच तर आधी थंड करा, मग हॉस्पिटल. नुसतं एसीत झोपवून भागत नाही, बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाशेजारी आधीच भरलेला पाहिजे आणि गळ्यापर्यंत आत बसवायचं, त्याच वेळी दुसऱ्याने अँब्युलन्सला फोन करायचा. कपाळावर धरायच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, बाहेरून कातडी गार लागते आणि आत शरीर भाजत असतं, खरा आकडा गुदद्वारातून घेतलेल्या तापमानातच कळतो, लाजायचं कारण नाही. पाणी प्या म्हणून घागरभर पिणंही चूक, रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जीवघेणं असतं.

डोक्याच्या माराबद्दल थोडक्यात. पोरगा धडकून पडला आणि उठल्यावर लडखडला तर त्या दिवसाचा खेळ संपला, पाठ दुखत असेल, पाय घसरला असेल अशी कारणं शोधत बसू नका. सप्टेंबर 2022 मध्ये एनएफएलच्या मायामी टीमचा खेळाडू टुआ टागोवायलोआ असाच लडखडला, पाठीचं कारण देऊन परत खेळला आणि चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ऑक्टोबरमध्ये एनएफएलचा नियम बदलला, तोल जाताना दिसला की त्या मॅचमध्ये परत यायचं नाही. हेल्मेटवरच्या मऊ गार्डियन कॅपने धक्का कमी होतो पण आत मेंदू हलायचा तो हलतोच, कॅप आहे म्हणून डोकं पुढे करून धडकायला शिकवू नका.

मांडीचा मागचा स्नायू धरला असेल तर दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. दुखणं अंगावर काढून खेळणारे दोन आठवड्यांची दुखापत दोन महिन्यांची करून घेतात. पूर्ण वेगात, तेही सलग दोनतीन दिवस, न लंगडता पळता आलं की मगच पॅड्स घाला.