गाळपाआधीची तयारी: ईटीपी, टाक्या आणि बगॅस

हंगाम जवळ आला की साखर कारखान्यात दोनच तारखांची चर्चा असते, अग्निप्रदीपन (बॉयलर पेटवणं) कधी आणि मोळी कधी टाकायची, म्हणजे ऊस गाळायला सुरुवात कधी. पर्यावरणाची आणि सुरक्षेची तयारी याच तारखांपासून उलटी मोजत यायची असते. जानेवारी 2016 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) गाळपाच्या एक महिना आधी स्थिर झालेला हवा, आणि गाळप संपल्यावरही तो महिनाभर चालू ठेवायचा. मोळी ऑक्टोबरअखेर पडणार असेल तर सप्टेंबर संपताना टाकीत जिवंत गाळ, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू, पाहिजे, आणि तो तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात. म्हणजे सप्टेंबर लागतानाच ईटीपीच्या टाक्या साफ होऊन पाणी भरायला मोकळ्या असाव्यात. ओव्हरहॉलिंगच्या यादीत मिल, टर्बाइन, सेंट्रीफ्युगल वर असतात आणि ईटीपी तळाला. ती यादी आधी फिरवा. रोलर चार दिवसांत बसवता येतो, जिवाणू चार दिवसांत वाढत नाहीत.

साफसफाई म्हणजे माणूस टाकीत उतरणार, आणि सगळ्या तयारीतलं सगळ्यात धोक्याचं काम हेच आहे. मागच्या हंगामापासून बंद असलेली ॲनारोबिक टाकी, सांडपाण्याचा संप (खड्डा), रसाच्या आणि मळीच्या (मोलॅसिसच्या) टाक्यांचा तळ, इथे गाळ कित्येक महिने कुजत पडलेला असतो. वरून पपडी धरलेली, कोरडी, निरुपद्रवी दिसते. फावडं आत गेलं की खाली अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून वाकून गाळ ओढणाऱ्या माणसाच्या तोंडापाशीच साचतो. त्यामुळे सकाळी आठला मॅनहोलवर घेतलेलं रीडिंग साडेआठला उपयोगाचं राहत नाही. या वायूला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाक बधिर होतं. ‘आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ या एका वाक्यावर माणसं गेली आहेत. डिस्टिलरी असेल तर फर्मेंटरच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड असतो, त्याला तर वासच नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्या आणि तो परमिटवर, म्हणजे टाकीत उतरण्याच्या लेखी परवान्यावर, लिहा. टाकीला येणाऱ्या प्रत्येक पाइपचा फ्लँज सोडून ब्लाइंड प्लेट (बंद चकती) टाका. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, जुना व्हॉल्व्ह आतून गळतोच. ढवळणी आणि पंपाचा वीजपुरवठा पॅनेलवर तोडून कुलूप लावा, आणि जो आत जाणार त्याच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात राहू द्या. मग ब्लोअर लावा. त्याची नळी मॅनहोलच्या तोंडाशी टांगून उपयोग नाही, तळापासून हात-दीड हातावर सोडा, आणि ब्लोअर ट्रॅक्टरच्या किंवा जनरेटरच्या धुरात ठेवू नका. वेल्डिंगचा ऑक्सिजन टाकीत सोडण्याची चूक कोणी सुचवली तरी करू देऊ नका. त्यात कपडे नुसत्या ठिणगीने पेटतात.

चार वायूंचा मीटर मोकळ्या हवेत झिरो करून नळीने वर, मध्ये आणि तळाशी वाचा, आणि प्रत्येक पातळीला नळीतून हवा पोचायला वेळ द्या. आधी ऑक्सिजन बघायचा, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी. क्रम असाच का, तर ऑक्सिजन कमी असेल तर ज्वालाग्राही वायूचा सेन्सर खोटं कमी दाखवतो. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, ज्वालाग्राही वायू खालच्या स्फोटमर्यादेच्या 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली असेल तरच उतरायचं, आणि मीटर चालू ठेवून छातीला अडकवूनच उतरायचं. हातदिवा 24 व्होल्टचा. हा नियम 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 36 अ पासून चालत आला आहे. तोंडाला रुमाल, धुळीचा मास्क किंवा कॅनिस्टर मास्क चालत नाही, कारण यातला एकही ऑक्सिजन देत नाही.

बाहेर उभा असलेला माणूस तिथून हलणार नाही आणि आतला कोसळला तरी श्वासाच्या हवेच्या सिलिंडरशिवाय आत उडी मारणार नाही, हे त्याच्याकडून आदल्या दिवशी वदवून घ्या. अशा अपघातात एकामागे एक माणसं जातात ती भावाला, जोडीदाराला वाचवायला उतरलेली असतात. त्याच्या हाताशी ट्रायपॉड, विंच आणि आतल्याच्या पूर्ण अंगाच्या हार्नेसला बांधलेली दोरी हवी. याची तालीम खरोखर करा. सत्तर किलोचं वाळूचं पोतं हार्नेसमध्ये घालून तळातून वर ओढा आणि घड्याळ लावा. पाठीवर सिलिंडर असलेला माणूस मॅनहोलमधून जातो का, हेही त्याच दिवशी कळतं. बऱ्याच जुन्या टाक्यांत जात नाही. तिथे मॅनहोल मोठं करून घेतल्याशिवाय परमिट देऊ नका.

टाक्या रिकाम्या झाल्या की आधी ऑइल ट्रॅप बघा. मिल हाउसचं तेल-ग्रीस एरेशनच्या (हवा देण्याच्या) टाकीत गेलं की गाळावर थर धरतं आणि जिवाणूंचा श्वास कोंडतो. एरेटरचे गिअरबॉक्स, लॅगूनचं (सांडपाण्याच्या तळ्याचं) अस्तर तपासून पाणी भरा. बी म्हणून दुसऱ्या चालू ईटीपीचा ताजा गाळ सगळ्यात चांगला. तो न मिळाल्यास गाळून घेतलेला शेणकाला. अन्न म्हणून पातळ केलेली मळी थोडी थोडी द्या आणि पीएच सातच्या आसपास चुन्याने राखा. जिवाणूंना दर 100 किलो बीओडीमागे (बीओडी म्हणजे सेंद्रिय घाण पचवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) 5 किलो नत्र आणि 1 किलो स्फुरद लागतं, म्हणजे साधारण 5 किलो डीएपी आणि 9 किलो युरिया. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. रोज एक लिटरच्या मापात पाणी घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा: गाळ तपकिरी, खाली बसलेला आणि वर पाणी निवळ असेल तर गाडी रुळावर आहे. गाळ काळा पडून वास आला तर हवा कमी पडते. तरंगून वर आला तर बहुधा अन्न आणि खताचं गणित चुकलं आहे.

आता पाण्याचा हिशेब. त्याच अधिसूचनेनुसार उसाच्या टनामागे ईटीपीतून 100 लिटर आणि स्प्रे पाँड किंवा कूलिंग टॉवरमधून 100 लिटर, एवढंच बाहेर काढता येतं, तेही एकाच ठिकाणाहून. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याला ईटीपीचे 5 लाख लिटर. शेतीला मागणी नसेल तेव्हा 15 दिवस पुरेल असं अस्तराचं तळं लागतं, म्हणजे 75 लाख लिटर. परतीचा पाऊस लांबला की कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस भागात रानं ओलीच असतात आणि पाणी घ्यायला कोणी तयार नसतं. तळं भरलेलं असेल तर नेमकं तेव्हाच ते ओढ्यात जातं. म्हणून सप्टेंबरमध्ये तळं रिकामं आणि फ्लो मीटर तपासलेले ठेवा. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरचं कॉस्टिक सोड्याने धुण्याचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन हळूहळू सोडायची सोय आत्ताच करा. ते एकदम आलं की महिनाभर जोपासलेला गाळ एका पाळीत मरतो. साखरेचं पाणी विषारी नसतं, पण नदीत गेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे श्वास कोंडून मरतात. खाली सांगली याच कृष्णेचं पाणी पिते.

अग्निप्रदीपनाला लागणारा बगॅस (उसाचा चोथा) गेल्या हंगामातला, पावसाळ्यात भिजलेला, बुरशी धरलेला असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बॅगॅसोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ताप, खोकला, धाप चार ते आठ तासांनी, म्हणजे पाळी संपवून माणूस घरी गेल्यावर सुरू होते, आणि गावातल्या दवाखान्यात तो साधा ताप समजला जातो. ढीग उकरण्याआधी पाणी मारा, एन-95 मास्क द्या, आणि बगॅसवरच्या हंगामी कामगारांची छाती पाळीवर घेण्याआधी तपासून नोंद ठेवा. डॉक्टरांना ‘बगॅसवर काम करतो’ हे सांगायला कामगाराला शिकवा.

चुन्याच्या टाकीपाशी आणि गंधकाच्या भट्टीपाशी डोळे धुण्याचा नळ चालू आहे का ते स्वतः उघडून बघा; डोळ्यात चुना गेला तर 15 मिनिटं सलग पाणी लागतं. चुना विरवताना तो पाण्यात थोडा थोडा टाकायचा, चुन्याच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीलाही रिफ्लेक्टर लागल्याशिवाय पहिली खेप घेऊ नका. ऊसतोड मजुरांच्या कोप्या (झोपड्या) बगॅसच्या ढिगापासून आणि लॅगूनपासून लांब पडतील अशी जागा टोळ्या येण्याआधी आखून द्या. लॅगूनवर साय धरली की ते जमिनीसारखं दिसतं, आणि आई-बाप फडात असताना लहान पोरं दिवसभर तिथेच खेळत असतात. कुंपण आणि रात्रीचा दिवा टोळ्या उतरायच्या आत लागलेला पाहिजे.